‘टाइम प्लीज’ नसलेला डाव

गिरगावच्या किंवा लालबागच्या चाळीत वाढलेल्या कुणालाही ‘टाइम प्लीज’ म्हणजे काय, हे विचारून पाहावं. उत्तर तोंडातून निघण्याआधी मूठ आपोआप ओठांशी जाते. पकडापकडी रंगात आलेली असायची, राज्य असलेला भिडू अंगावर धावून येत असायचा, आणि तेवढ्यात चपलेचा अंगठा तुटायचा, नाहीतर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आईची हाक यायची. मूठ ओठांशी नेऊन ‘टॅम्प्लीज’ म्हटलं की डाव जागच्या जागी थांबायचा. राज्य असलेलाही मुकाट उभा राहायचा. दूध आणून यायचं, नाहीतर धाकट्या भावाला घरात सोडून यायचं, की डाव पुन्हा तिथूनच सुरू. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता. तरी तो मोडणाऱ्याला ‘रडीचा डाव’ हे शब्द चार दिवस ऐकावे लागायचे.

आता त्याच चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधली, किंवा अजून तग धरून असलेल्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतली रात्री नऊची वेळ. ताटं वाढलेली आहेत. आठवीतला मुलगा पलंगाच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसलाय. फोन आडवा धरलेला, चार्जर लावलेलाच. ‘जेवायला ये.’ ‘हो, आलो.’ पाच मिनिटांनी पुन्हा हाक. ‘मॅच चालू आहे गं, थांब ना.’ तिसऱ्या हाकेला बाबांचा आवाज चढतो, हात फोनकडे जातो, आणि एरवी तोंड न उघडणारा मुलगा असा ओरडतो की शेजारची दारं किलकिली होतात. मग रडारड, तसंच राहिलेलं ताट, आणि ‘हा असा नव्हता हो’ हे आईचं वाक्य. पालकसभेत हे वाक्य कधीच ऐकलं नाही, असा शिक्षक आज मुंबईत शोधावा लागेल.

या भांडणात मुलगा खोटं बोलत नसतो, ही गोष्ट मोठ्यांनी आधी समजून घ्यायला हवी. त्याला थांबता येत नसतं, कारण त्याच्या डावात ‘टाइम प्लीज’ची सोयच नाही. पबजी आणि तिच्या जातकुळीतले खेळ कसे चालतात ते पाहा. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात. बहुतेक वेळा चौघांची टोळी असते, आणि ते चौघं खऱ्या आयुष्यातलेही मित्र असतात, एकाच वर्गातले किंवा एकाच वाडीतले. बेटावर एक वर्तुळ हळूहळू आवळत येतं. मुलं त्याला ‘झोन’ म्हणतात. झोनच्या बाहेर राहिला तो संपला. गोळी लागली की खेळाडू लगेच मरत नाही, ‘नॉक’ होतो, गुडघ्यांवर रांगत राहतो, आणि टोळीतल्या कुणी जवळ येऊन काही सेकंद ‘रिवाइव्ह’ दिलं तरच उठतो. मोठ्या नकाशावरचा असा सामना अर्धा तास चालू शकतो. मधे फोन ठेवला तर मागे तीन मित्र उघडे पडतात, ज्याला उठवायला जायचं होतं तो तसाच संपतो, हरल्याचे गुण सगळ्यांच्या नावावर लागतात. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ‘काल पळून गेलास’ हे ऐकावं लागतं. तेरा वर्षांच्या मुलासाठी हे आमटी गार होण्यापेक्षा कितीतरी मोठं संकट असतं.

एक सामना संपला तरी डाव संपत नाही. रोज हजेरी लावली तर रोजचं बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटते. ठरावीक आठवड्यांचा ‘सीझन’ असतो, त्यात ‘रँक’ वर ढकलायची असते, आणि सीझन संपला की ती पुन्हा खाली येते. अंधार पडला म्हणून, चेंडू जोश्यांच्या गॅलरीत गेला म्हणून, शिट्टी वाजली म्हणून खेळ थांबावा, असं काहीच तिथे नाही. पटांगणातल्या खेळाचा शेवट खेळाबाहेरून यायचा. या खेळाच्या रचनेत बाहेरून काही आत येऊ नये, याची काळजी घेतलेली आहे, आणि ती पगारी माणसांनी नीट विचार करून घेतलेली आहे. पोराच्या एकट्याच्या मनोनिग्रहाने तिच्याशी झुंजावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

पबजीचा फोनवरचा अवतार मार्च २०१८ मध्ये आला आणि वर्षभरात घराघरांत पोचला. जानेवारी २०१९ मध्ये दिल्लीच्या ‘परीक्षा पे चर्चा’ कार्यक्रमात एका आईने मुलाच्या ऑनलाइन खेळाची तक्रार केली, तेव्हा पंतप्रधानांनी ‘हा पबजीवाला आहे का’ असं विचारलं आणि सभागृहात हशा पिकला. त्याच महिन्यात मुंबईत एक वेगळी गोष्ट घडली. अकरा वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. या खेळातून हिंसा, आक्रमकपणा आणि ऑनलाइन छळ यांना खतपाणी मिळतं, त्यावर बंदी घाला आणि अशा मजकुराची वेळोवेळी तपासणी करणारी समिती नेमा, अशी त्याची मागणी होती. ज्या वयातली मुलं हा खेळ मिळावा म्हणून घरात रुसून बसतात, त्या वयातला एक मुलगा तो नको म्हणून फोर्टातल्या त्या दगडी इमारतीपर्यंत गेला. एप्रिलमध्ये न्यायालयाने केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला या खेळातला मजकूर तपासायला सांगितलं. तिकडे राजकोटच्या पोलिसांनी मार्चमध्ये थेट बंदीचा आदेश काढला आणि खेळताना सापडलेल्या विद्यार्थ्यांना अटकही केली. पोरांना खेळण्यावरून पोलीस ठाण्यात नेण्याचा तो मार्ग महाराष्ट्राने धरला नाही, हे बरंच झालं.

बंदी शेवटी आली ती २ सप्टेंबर २०२० रोजी, ११८ अ‍ॅप्सच्या यादीतून, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ अ कलमाखाली. कारण होतं देशाची सुरक्षा आणि नागरिकांची माहिती. मुलांचा त्यात उल्लेख नव्हता, आणि मुलांच्या दिनक्रमात त्यामुळे फार फरकही पडला नाही. ती ‘फ्री फायर’कडे वळली. जुलै २०२१ मध्ये पबजी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परतली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्री फायर’ बंद झाला, पण त्याचा ‘मॅक्स’ भाऊ चालूच राहिला. जुलै २०२२ मध्ये ‘बॅटलग्राउंड्स’ही गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला, अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास, या मर्यादेसह. तीन तास म्हणजे आठवड्याला एकवीस. ‘मी अठरा वर्षांचा आहे’ असं सांगायला किती वेळ लागतो, हे सातवीतला मुलगा दाखवून देईल.

या मधल्या काळातच शाळा फोनमध्ये शिरली होती. मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडले, पहिली ते सातवीचे १५ डिसेंबरला, आणि लगेच जानेवारीत तीन आठवडे पुन्हा बंद. परळ-लालबागच्या कितीतरी घरांत पहिला स्मार्टफोन मुलाच्या हाती गेला तो याच दीड-पावणेदोन वर्षांत, कर्ज काढून, ‘शाळेसाठी’ म्हणून. वर्ग एका खिडकीत आणि खेळ दुसऱ्या. बाई फळ्यावर समीकरण सोडवताहेत आणि विद्यार्थी कॅमेरा बंद करून झोनमध्ये धावतोय, यावर त्या वेळी कुणाचा इलाज नव्हता. शाळा उघडल्या, पण फोन परत घेता आला नाही. गृहपाठ, सूचना, प्रकल्प, सगळं वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येऊ लागलं होतं.

अभ्यासावर नेमका काय परिणाम होतो? इथे भीतीपेक्षा एक जुना, साधा प्रयोग जास्त उपयोगी पडतो. रॉबर्ट वाइस आणि ब्रिटनी सेरँकोस्की या अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. घरी व्हिडिओ गेमचं यंत्र नसलेले, सहा ते नऊ वर्षांचे ६४ मुलगे त्यांनी निवडले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला यंत्र लगेच दिलं, दुसऱ्याला चार महिन्यांनी. चार महिन्यांनंतर पाहिलं तर ज्यांना यंत्र आधी मिळालं त्यांचे वाचनाचे आणि लेखनाचे गुण दुसऱ्या गटापेक्षा कमी होते, आणि शिक्षकांनाही त्यांच्या अभ्यासात जास्त अडचणी दिसत होत्या. मेंदूला काही इजा वगैरे झाली होती, असं नाही. शाळा सुटल्यावर जो वेळ पूर्वी पुस्तकाला मिळायचा, तो यंत्राला गेला. वाचन आणि लेखन ही रियाजाची कामं आहेत. जोडाक्षरांवर अडखळणारा दुसरी-तिसरीतला मुलगा रोज अर्धा तास मोठ्याने वाचतो तेव्हा सहा महिन्यांत सुटा होतो. तो अर्धा तास गेला की पाचवीत इतिहासाचं पुस्तक त्याला अवघड वाटतं, आणि घरच्यांना वाटतं की त्याला इतिहास आवडत नाही.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९५ साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीचे २०२४ चे आकडे ग्रामीण भारताचे आहेत, तरी शहरी पालकांनी ते पाहावेत. १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के.

दुसरा फटका झोपेला. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदला, असं सुचवलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. सातच्या शाळेला डोळे चोळत जाणाऱ्या लहानग्यांचं त्याने भलं झालं असेल. पण रात्री साडेअकराला पांघरुणात फोनचा उजेड लपवणारा मुलगा सहावीच्या पुढचा असतो, आणि हा आदेश त्याच्यापर्यंत पोचत नाही. पहिल्या तासाला जो पेंगतो त्याला वर्गात ‘आळशी’ म्हणून मोकळं होता येतं. काल किती वाजता झोपलास, एवढं विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं.

आणि स्वभाव? बंदुकीचे खेळ खेळून मुलं हिंसक होतात, या समजुतीला आधार फार पातळ आहे. ऑक्सफर्डच्या अँड्र्यू प्रिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांची आणि त्यांच्या पालकांची पाहणी केली, तेव्हा हिंसक खेळ आणि आक्रमक वागणं यांचा संबंध त्यांना आढळला नाही. २०१७ ची ‘ब्लू व्हेल’ची घबराटही आठवावी. मुंबईतल्या एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतर ती देशभर पसरली. पुढे जानेवारी २०१८ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की तपासलेल्या एकाही घटनेत त्या खेळाचा हात सिद्ध झालेला नाही. नावावर खापर फोडलं की मुलाला खरोखर काय खुपत होतं, हे विचारायचं राहून जातं. घरात दिसणारा राग खरा असतो, पण तो बहुधा डाव अर्ध्यात तुटल्याचा, अपुऱ्या झोपेचा आणि मित्रांसमोर नाक कापलं गेल्याचा असतो.

काही मुलं मात्र या सगळ्याच्या पलीकडे गेलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून, ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजाराचा दर्जा दिला. खेळावरचा ताबा सुटणं, इतर सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं आणि नुकसान दिसत असूनही तो वाढत जाणं, ही त्याची लक्षणं, आणि साधारणपणे ती बारा महिने दिसायला हवीत. म्हणजे सुट्टीत दिवसभर खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी नसतो. पण वर्षभर शाळा बुडते आहे, अंघोळ-जेवण सुटलंय, मित्र सुटलेत, तर त्याला मारून किंवा देवाला साकडं घालून काही होणार नाही. परळला केईएम आहे, मुंबई सेंट्रलला नायर आहे, दोन्हीकडे मनोविकार विभाग आहेत. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही बोलतो. लालबाग-परळच्या गिरणगावाने दारू सोडवायला माणसं डॉक्टरांकडे नेली आहेत. पोराला न्यायला लाज कसली?

पैशाचा भाग याच गिरणगावाला सगळ्यांत लवकर कळायला हवा. १९६० च्या दशकात वरळीत कल्याणजी भगत यांनी मटका सुरू केला, पुढे रतन खत्री यांनी त्याला देशभर नेलं, आणि त्याचा मोठा गिऱ्हाईकवर्ग होता गिरणी कामगार. ओपन-क्लोज, आकडा, ‘आज लागणार’ हे शब्द या भागातल्या आज्यांना चांगले ठाऊक आहेत, कारण पगाराचं पाकीट घरी हलकं होऊन यायचं. आता नातवाच्या फोनमधली ‘क्रेट’ पाहा. खरे पैसे देऊन खेळातलं चलन घ्यायचं, पबजीत ‘यूसी’, फ्री फायरमध्ये ‘डायमंड’. त्या चलनाने बंद पेटी उघडायची. आत काय निघेल ते माहीत नाही. हवी ती रंगीत बंदूक किंवा पोशाख निघण्याची शक्यता अगदी थोडी. पेटी उघडताना प्रकाश फाकतो, आवाज होतो, आणि हवं ते ‘थोडक्यात’ हुकतं. मग अजून एक. चिठ्ठी मडक्यातून काढा नाहीतर पेटीतून, बोटांना होणारी घाई तीच आहे, आणि इथे बोटं बारा वर्षांच्या मुलाची आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या सोळा वर्षांच्या मुलाने आईच्या खात्यातले दहा लाख रुपये पबजीवर उडवले. ते उघडकीला आल्यावर तो घर सोडून गेला. पोलिसांना तो अंधेरीच्या महाकाली लेण्यांजवळ सापडला आणि सुखरूप घरी आला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसा लावून पैसा जिंकायचे खेळ त्याने बंद केले, त्यांच्या जाहिरातीही. रमी आणि ‘टीम लावा’च्या जाहिरातींत क्रिकेटपटू झळकत होते, मुलं ती पाठ करत होती, म्हणून हा कायदा स्वागताचा. पण क्रेटमधून पैसा परत मिळत नाही, फक्त रंगीत बंदूक मिळते, म्हणून ती त्या व्याख्येत सरळ बसत नाही. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडेही ते व्हायला हवं.

अनोळखी माणसांचा धोका ३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईतल्या राज्य पोलीस मुख्यालयात अक्षय कुमारने सांगितला. त्याची मुलगी एक ऑनलाइन खेळ खेळत होती. समोरचा खेळाडू गोड बोलत होता, ‘छान खेळलीस’ म्हणत होता, मग मुलगा की मुलगी विचारलं, आणि मग नग्न छायाचित्राची मागणी. मुलीने खेळ बंद केला आणि सरळ आईला जाऊन सांगितलं. सातवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्यातून एक ‘सायबर’ तास ठेवा, अशी मागणी त्याने तिथे मुख्यमंत्र्यांसमोर केली. तास व्हायला हवाच. पण ती मुलगी वाचली ती ‘फोन काढून घेतील’ ही भीती तिला नव्हती म्हणून. खेळण्याचा उच्चार केला तरी ज्या घरात आरडाओरड होते, तिथली मुलगी असं काही घडल्यावर कुणाकडे जाणार?

न्यायाचं म्हणून दुसरी बाजूही मांडायला हवी. वेगवान खेळ खेळणाऱ्यांची नजर जास्त तल्लख असते, हे ग्रीन आणि बॅव्हेलिए यांनी २००३ मध्ये दाखवलं होतं. २०२२ च्या अखेरीस भारत सरकारने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली, आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत त्याला पदकं होती. वर्गात कुणाशी न बोलणारा मुलगा हेडफोन लावून चौघांना हुकूम सोडतो, तेव्हा त्याला पहिल्यांदा कुणीतरी विचारत असतं. अशा मुलाचा फोन हिसकावताना त्याच्या हाती दुसरं काय आहे, याचा विचार व्हायला हवा.

कारण त्याच्या हाती पटांगण नाही. मुंबईत ५८ गिरण्या होत्या, सुमारे सहाशे एकरांवर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने त्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते: एक महापालिकेला मैदानं-उद्यानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने बांधकाम असलेली जमीन वाटणीतून वगळली, आणि वाटायला फक्त मोकळा तुकडा उरला. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, तो मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात उलटला. फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा आहे. लालबाग-परळच्या मुलांच्या वाट्याची मैदानं कागदावर होती आणि कागदावरच गेली. चाळीच्या चौकात दुचाक्या लागल्या. टॉवरच्या पोडियमवर ‘चेंडू खेळण्यास मनाई’ची पाटी लागली. शिवाजी पार्कात समर्थ व्यायाम मंदिरात आजही मुलं मल्लखांबावर उलटी लटकतात, आणि तिथले उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, पण लालबागहून पाचवीतल्या मुलाला रोज तिथे कोण सोडणार? अनुदानित आणि महापालिकेच्या शाळांची पटांगणं संध्याकाळी पाच ते आठ सगळ्या वस्तीला उघडी ठेवली तर मुलांना आणायला-सोडायला कुणाची वाट पाहावी लागणार नाही. एक रखवालदार आणि दोन दिवे, एवढाच खर्च आहे.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या तीन हजार वस्तीच्या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक प्रयोग चालवला. रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, आणि दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं एकमेकांशी बोलतात. सरपंच विजय मोहिते यांनी कल्पना मांडली तेव्हा पुरुष हसले होते. मग बायकांची सभा घेतली आणि त्या तयार झाल्या. आशा सेविका, अंगणवाडीताई, शिक्षक घरोघर फिरले. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो आणि फोन सुरू होतात. भोंग्यावर चालणारं आयुष्य लालबाग-परळला नवं नाही. पाळी सुरू झाल्याचा आणि सुटल्याचा भोंगा अख्ख्या गिरणगावाला ऐकू यायचा, घड्याळं त्यावर लावली जायची. वडगावात तो भोंगा सगळ्यांसाठी आहे, वडिलांच्या फोनसाठीसुद्धा. म्हणूनच मुलं तो पाळतात.

चाळीच्या एका मजल्यावर चार घरांनी ठरवलं तरी हे जमतं. त्याआधी एक छोटी गोष्ट उद्याच करता येते. आईने किंवा आजीने एकदा मुलाच्या शेजारी बसून अख्खा सामना पाहायचा, विमानातून उतरण्यापासून शेवटपर्यंत, नॉक म्हणजे काय, झोन म्हणजे काय, विचारत. मुलं हे समजावून सांगायला उतावीळ असतात, फक्त आजवर कुणी विचारलेलं नसतं. मग रात्री नऊला ‘फोन ठेव’ या हाकेऐवजी स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, ‘किती झोन राहिले?’ आतून उत्तर येतं, ‘दोन.’ ‘दोन संपले की फोन फ्रीजवर, दुसरी मॅच लावायची नाही.’ ‘हो.’ आमटी पुन्हा गॅसवर चढते. ती उकळेपर्यंत शेवटचं वर्तुळ आवळत आलेलं असतं.